प्रिंटला देण्याआधी फोटो कोणत्या प्रमाणात क्रॉप करावा?

लग्नातला ग्रुप फोटो मोबाईलवर छान दिसतो, पण ४ बाय ६ इंचाची प्रिंट हातात येते तेव्हा मागच्या रांगेतल्या काकांचा फेटा अर्धा कापलेला असतो. बहुतेक मोबाईल ४:३ प्रमाणात फोटो काढतात आणि ४ बाय ६चा कागद असतो ३:२. क्रॉप न करता फोटो दिला, तर लॅबमध्ये सहसा मधला भाग धरून वरखाली सारखंच कापलं जातं.

म्हणून आधी प्रिंटचं माप ठरवा, मगच क्रॉपला हात लावा. फ्रेम घरात असेल तर तिच्या काचेचं माप पट्टीने घ्या.

४ बाय ६, ८ बाय १२ आणि १२ बाय १८ ही तिन्ही मापं ३:२चीच, त्यामुळे एकच क्रॉप सगळीकडे चालतो. ६ बाय ८ म्हणजे ४:३, मोबाईलचा फोटो त्यात जसाच्या तसा बसतो. खरी काळजी घ्यायची ती ८ बाय १०ला. ते ५:४ आहे. डीएसएलआर कॅमेऱ्याच्या ३:२ फोटोचा सहावा हिस्सा त्यात कापला जातो.

आता फोटोची कॉपी करून एडिटमध्ये क्रॉप उघडा, तिथे ३:२ निवडा आणि चौकट बोटाने सरकवा. ४०३२ × ३०२४ पिक्सेलच्या आडव्या फोटोत उंचीचे ३३६ पिक्सेल कमी होतील. ते शक्यतो खालून जाऊ द्या. पायांपुढचा गालिचा गेला तरी काही बिघडत नाही, पण घोट्यावर किंवा मनगटावर कड आली की फोटो वाईटच दिसतो. चेहरे कडेला चिकटवू नका, फ्रेमची पट्टीही चारही बाजूंनी थोडं झाकते.

उरलेले ४०३२ × २६८८ पिक्सेल ८ बाय १२ला पुरतात. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३६०० × २४०० लागतात. फाईल व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा, नाहीतर पिक्सेल घटतात.

आणि फोटोत सोडण्यासारखं काहीच नसेल, तर कापूच नका. लॅबवाल्याला सांगा, "पूर्ण फोटो बसवा, बाजूला पांढरी पट्टी चालेल."