ट्रॅक्टरचे मागचे टायर बदलताना: आधी काम ठरवा, मग माप

ट्रॅक्टरच्या मागच्या जोडीचा खर्च एकदम अंगावर येतो, आणि तोही बहुधा पेरणीच्या तोंडावर. मग घाईत दुकान गाठायचं आणि "जुन्यापेक्षा जरा मोठाच द्या" म्हणायचं, ही आपल्याकडची सर्रास रीत. माझं ठाम मत आहे की टायर ट्रॅक्टरच्या रुबाबाकडे बघून नव्हे, तो वर्षभर काय ओढतो हे बघून घ्यावा. ३५ ते ५५ एचपीचा ट्रॅक्टर डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहितो आहे.

पहिलं काम घरी बसूनच

ट्रॅक्टरच्या तासांचा हिशेब मांडा. नांगरट, रोटाव्हेटर, पेरणी यांत किती तास जातात आणि ट्रॉली घेऊन डांबरी रस्त्यावर किती? कोल्हापूर-सांगलीकडे ऊस वाहणारा ट्रॅक्टर हंगामभर कारखान्याच्या रस्त्यावर असतो. विदर्भातल्या कापसाच्या काळ्या रानातला ट्रॅक्टर रस्ता फारसा बघतच नाही. दोघांच्या ट्रॅक्टरचं मॉडेल एकच असलं तरी दोघांना एकच टायर मानवेल असं नाही. रस्त्यावर उंच, विरळ दांड्यांचा (टायरवरच्या रबराच्या तिरक्या उंचवट्यांचा) टायर भराभर झिजतो आणि हादरे देतो. चिकण मातीत याच्या उलट होतं. बुटक्या, दाट नक्षीत माती भरून बसते आणि टायर गोटा झाल्यासारखा जागेवर फिरतो.

जुन्या टायरवरचे आकडे वाचा

टायरच्या बाजूला १३.६-२८ असं काही लिहिलेलं असतं. १३.६ म्हणजे टायरची रुंदी इंचात, २८ म्हणजे रिमचा व्यास इंचात. मधे नुसती रेघ असेल तर टायर नेहमीचा नायलॉनचा. रेघेच्या जागी 'आर' हे अक्षर असेल तर तो रेडियल, म्हणजे आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ बसवलेला. रेडियलची रुंदी कधी मिलिमीटरमध्ये आणि तिच्यापुढे उंची रुंदीच्या टक्क्यांत असते: १३.६-२८ च्या जागी ३४०/८५ आर २८, आणि १४.९-२८ च्या जागी ३८०/८५ आर २८.

त्याच्याजवळ १२ पीआर असं काही दिसेल. हा प्लाय रेटिंगचा आकडा, म्हणजे टायरचा सांगाडा किती भार आणि किती हवा पेलेल याची खूण. बदली टायर मूळ आकड्यापेक्षा कमी पीआरचा कधीही घेऊ नका, ट्रॉली ओढणाऱ्यांनी तर नाहीच.

माप वाढवावं का?

बहुतेकांची चूक इथे होते, म्हणून जरा थांबून बघू. १३.६-२८ काढून १४.९-२८ टाकला तर टायर सव्वा इंचाने रुंद होतो, तसाच उंचही होतो. त्याचा घेर साधारण ४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर थोडा जास्त पळतो, पण ओढ तितकीच कमी पडते. आधीच दमणाऱ्या इंजिनावर हा भार कशाला?

ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह असेल तर प्रकरण आणखी नाजूक. त्यात पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित, साधारण १ ते ५ टक्के, जास्त वेगाने चालतील असं गिअरचं गणित कंपनीने बसवलेलं असतं. तुम्ही फक्त मागचा घेर ४ टक्क्यांनी वाढवलात की ते गणित मोडतं. मग पुढचे टायर फरफटत झिजतात आणि पुढच्या धुऱ्याच्या गिअरवर ताण येतो. म्हणून फोर व्हीलमध्ये एकतर मूळ मापच ठेवा, नाहीतर कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली पुढची-मागची जोडीच घ्या.

शेताचाही विचार हवा. उभ्या पिकात आंतरमशागत करायची असेल, उसाला भर लावायची असेल, तर चाक सरीत बसायला हवं. रुंद टायर ओळीतली रोपं चेपतो. रुंद टायरचा खरा फायदा वाफसा पुरता आलेला नसताना दिसतो. भार जास्त जागेवर पसरतो आणि माती कमी दबते, पण त्यासाठी हवाही कमी ठेवावी लागते. टायर रुंद घेऊन हवा ठासून भरली तर तो फायदा गेलाच.

नक्षी

कोरडवाहू आणि बागायत रानासाठी नेहमीची नक्षी आर-१ या खुणेची (हा 'आर' रेडियलचा नव्हे). भातशेतीच्या चिखलासाठी खूप खोल दांड्यांची आर-२ मिळते. कोकणात चिखलणी वर्षातून थोडेच दिवस असेल, तर आर-२ घेण्यापेक्षा आर-१ ठेवून चिखलणीपुरती लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी चाकं) लावणं मला जास्त पटतं. आर-२ रस्त्यावर फार लवकर झिजतो. ज्यांचा ट्रॅक्टर मुख्यतः वाहतुकीचा आहे, त्यांनी मध्यभागी जास्त रबर जमिनीला टेकेल अशी नक्षी मागावी.

रिमकडे दुर्लक्ष नको

टायर उतरवला की रिम आतून घासून साफ करा. व्हॉल्व्हच्या भोकाभोवती आणि कडेला गंज पाहा. ज्यांनी वजन वाढवायला चाकात पाणी भरलेलं असतं किंवा ज्यांचा ट्रॅक्टर खताच्या ढिगाजवळ उभा असतो, त्यांची रिम इथेच खाल्लेली सापडते. डिस्कची भोकं लांबट झालीत का, वेल्डिंगला चीर गेली का, तेही बघा. चीर गेलेली रिम वेल्ड करून वापरू नका, बदला.

नवी रिम घेताना नुसतं "२८ ची द्या" म्हणून भागत नाही, रुंदीही जुळायला हवी. १३.६ ला डब्ल्यू १२, १४.९ ला डब्ल्यू १३ आणि १६.९ ला डब्ल्यू १५ ही योग्य रुंदी (डब्ल्यूपुढचा आकडा म्हणजे रिमची रुंदी इंचात). अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध फुगतो आणि मधेच झिजतो.

दुकानात

दोन्ही मागचे टायर एकाच वेळी, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या. एक नवा आणि एक झिजका असला की दोघांचा घेर वेगळा पडतो, आणि सरळ चालतानाही डिफरेन्शियलला, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरला, काम लागून राहतं. टायरवर चार आकडी तारीख असते: २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. वर्षानुवर्षं उन्हात पडून राहिलेला टायर स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या. ट्यूबही नवीच घ्या. ताणलेल्या जुन्या ट्यूबला नव्या टायरमध्ये घडी पडते आणि तिथेच ती फाटते. पाणी भरणार असाल तर हवा-पाण्याचा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब मागा.

पक्कं बिल घ्या आणि त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या. त्याशिवाय वॉरंटीचा दावा उभा राहत नाही. मागच्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेवढं बिलात तपासा.

बसवणं, हवा आणि पाणी

बाजूवरचा बाण ट्रॅक्टर पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं, त्या दिशेला हवा. दांड्यांचं मधलं टोक जमिनीला आधी टेकलं पाहिजे, म्हणजे चिखल बाहेर फेकला जातो. ट्रॅकची रुंदी बदलण्यासाठी अख्खं चाक उलटं लावत असाल तर डावं-उजवं अदलाबदल करा, नाहीतर बाण उलटा होईल.

टायर रिमच्या कडेवर बसवताना साबणाचं पाणी लावा. ३५ पीएसआयच्या (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) वर हवा कधीही भरू नका. कड बसली नाही तर हवा सोडून पुन्हा सुरुवात करा. हवा भरताना कुणीही, विशेषतः मुलं, चाकासमोर उभी राहता कामा नये. रिमवरून उडालेला टायर माणसाचा जीव घेतो.

शेतात मागच्या नायलॉन टायरला साधारण १२ ते १४ पीएसआय पुरते. ट्रॉलीसाठी जास्त लागते, तो आकडा पुस्तिकेतून घ्या आणि स्वतःच्या गेजने मोजा. पाणी भरायचं तर व्हॉल्व्ह वर आणून ७५ टक्क्यांपर्यंतच भरा. १३.६-२८ मध्ये साधारण २०० लिटर बसतं, म्हणजे चाकामागे २०० किलो वजन वाढतं. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार घालतात. आपल्याकडे त्याची गरज नाही, आणि क्षार रिम खातो. ऊस वाहतूक सुरू करण्याआधी पाणी काढून टाका.

शेतात चाचणी

चाकावर खडूने खूण करा. औत उचलून चाकाच्या १० फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजा, मग त्याच रानात, त्याच गिअरमध्ये नांगर लावून मोजा. रिकामा ३९ मीटर आणि नांगरासह ३४ मीटर गेला, तर घसरण सुमारे १३ टक्के. १० ते १५ टक्के ठीक. त्याहून जास्त असेल तर वजन वाढवा किंवा औताची खोली कमी करा. फारच कमी असेल तर वजन गरजेपेक्षा जास्त आहे, डिझेल ते वाहण्यातच जळतंय. थोडं पाणी काढा आणि पुन्हा मोजा. पहिल्या काही तासांच्या कामानंतर चाकाचे सगळे नट पुन्हा आवळा.