फायररेडवर फॅन-हॅक कसा चढवायचा, आणि गाडी नेमकी कुठे अडते

गेमबॉय अ‍ॅडव्हान्सचे पोकेमॉन गेम येऊन वीस वर्षं होऊन गेली तरी लोक ते अजून खेळतायत आणि त्याचं मोठं कारण म्हणजे फॅन्सनी बनवलेले हॅक, म्हणजे मूळ गेममध्ये बदल करून केलेल्या आवृत्त्या. २००४ च्या पोकेमॉन फायररेड या गेमवर बनलेला अनबाउंड हा हॅक घ्या, त्यात बोरियस नावाचा अख्खा नवा प्रदेश आहे, नवी गोष्ट आहे, आणि सुरुवातीलाच डिफिकल्टी निवडता येते. फुकटात, आवडीपोटी लोकांनी एवढं काम केलंय, त्यामुळे ते नीट चालवून बघायलाच हवं.

आधी एक समजून घ्या, हॅक म्हणजे पूर्ण गेम नसतो, पॅच असतो. मूळ गेममधल्या कुठल्या जागी काय बदलायचं एवढंच त्या छोट्या फाइलमध्ये असतं, म्हणून मूळ गेमची फाइल, म्हणजे रॉम, तुमच्याकडे हवी. ती स्वतःच्या कार्ट्रिजमधून काढायची, त्यासाठी यूएसबीला लावायचे कार्ट्रिज रीडर मिळतात. सेकंडहँड कार्ट्रिज घेताना मात्र बघून घ्या, फायररेड आणि एमराल्ड (त्याच काळातला दुसरा पोकेमॉन गेम) यांच्या डुप्लिकेट कार्ट्रिज बाजारात भरपूर आहेत आणि त्यातला डेटा मूळसारखाच असेल याची खात्री नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. इंग्लिश फायररेडच्या दोन आवृत्त्या आहेत, १.० आणि १.१, बाहेरून दोन्ही सेम टू सेम वाटतात पण आतला कोड इकडचा तिकडे सरकलेला आहे. अनबाउंड आणि रॅडिकल रेड (फायररेडवरचाच दुसरा हॅक), दोघांनाही १.० लागते. १.१ वर पॅच मारला तर कधी काळा स्क्रीन येतो, कधी गेम चालू होतो आणि मध्येच कुठेतरी हँग होतो, आणि मग लोक हॅकला नावं ठेवतात. म्हणून पॅच मारायच्या आधी रॉमचा सीआरसी३२ चेकसम, म्हणजे फाइलमधल्या डेटावरून निघणारा ओळख-क्रमांक बघा, अमेरिकन १.० चा डीडी८८७६१सी असतो. रॉम पॅचर जेएस हे टूल ब्राउझरमध्येच चालतं आणि फाइल निवडली की चेकसम दाखवतं.

पॅचचे फॉरमॅट तीन दिसतील. आयपीएस जुना, त्यात मूळ फाइल बरोबर आहे का हे तपासायची सोयच नाही, चुकीच्या रॉमवरही गुपचूप बसतो. यूपीएस आणि बीपीएसमध्ये चेकसम असतो, रॉम चुकीचा असेल तर टूल तिथेच सांगतं. म्हणून एरर आली तर वैतागून ती दुर्लक्ष करायचा ऑप्शन दाबू नका, ती खरं बोलतेय. फ्लिप्स हे छोटं टूल आयपीएस आणि बीपीएसला मस्त आहे, यूपीएस असेल तर रॉम पॅचर वापरा. मूळ रॉम कायम वेगळ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, पॅच नेहमी कॉपीवर.

खेळायला कॉम्प्युटरवर एमजीबीए हा इम्युलेटर, म्हणजे गेमबॉयचे गेम चालवणारा प्रोग्राम घ्या. टॅब दाबून धरलं की गेम पळतो, लेव्हल वाढवताना याचा फार उपयोग होतो. गेम चालू झाला की लगेच गेममधून सेव्ह करून, बंद करून, परत उघडून बघा. जुन्या इम्युलेटरवर '१एम सब-सर्किट बोर्ड' नाही असा मेसेज आला तर घाबरू नका, इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये सेव्ह टाइप फ्लॅश १२८के करा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

हॅकची नवी आवृत्ती आली की पॅच परत स्वच्छ मूळ रॉमवर मारायचा, आधीच पॅच केलेल्या फाइलवर नाही. सेव्ह स्टेट (इम्युलेटरने घेतलेला त्या क्षणाचा सेव्ह) पुढे नेऊ नका, कारण त्यात जुन्या कोडच्या वेळची सगळी मेमरी गोठवलेली असते आणि नव्या कोडशी ती जुळत नाही. गेममधून केलेलं सेव्ह, म्हणजे सॅव्ह फाइल, साधारण चालते, फक्त तिचं नाव नव्या रॉमच्या नावासारखं ठेवा. तरी हॅकसोबतची रीडमी वाचाच, कधीकधी बनवणारे स्वतःच सांगतात की नवीन गेम चालू करा म्हणून.

पहिला हॅक कोणता? माझं मत अनबाउंड, आणि डिफिकल्टी सगळ्यात सोपी. रॅडिकल रेड जबरदस्त आहे पण तिथे पहिल्या जिमपासूनच विचार करून टीम बांधावी लागते. दोन्हींत एक फार चांगला बदल आहे, मूळ तिसऱ्या पिढीत (फायररेड, एमराल्डच्या वेळच्या गेममध्ये) मूव्ह, म्हणजे पोकेमॉनचा अटॅक, फिजिकल की स्पेशल हे त्याच्या टाइपवरून ठरायचं, म्हणजे डार्क टाइपचा प्रत्येक अटॅक स्पेशल, घोस्टचा प्रत्येक फिजिकल, त्यामुळे गेंगारसारख्या स्पेशल अटॅकवर भर असलेल्या पोकेमॉनचे शॅडो बॉल (घोस्ट टाइपचा अटॅक) वायाच जायचे. २००६ च्या डायमंड-पर्लमध्ये हे मूव्हप्रमाणे झालं आणि फॅन्सनी ते मागे जाऊन फायररेडमध्ये बसवलं.

स्वतः काही बदलून बघायचं असेल तर एमराल्ड घ्या. प्रेट नावाच्या गटाने पूर्ण गेम सी भाषेत परत लिहून काढलाय, पोकेएमराल्ड नावाने. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाका, प्रोजेक्ट उतरवा, आधी काहीही न बदलता एकदा बिल्ड करा, म्हणजे कोडमधून रॉम बनवा. मग स्टार्टर (सुरुवातीला मिळणारा पोकेमॉन) निवडायच्या फाइलमध्ये ट्रीको, टॉर्चिक, मडकिप ही तीन नावं ओळीने दिसतील, ती बदला, परत बिल्ड करा. नकाशे बदलायला पोरीमॅप आहे. आणि दुसऱ्याला द्यायची वेळ आली की रॉम देऊ नका, फ्लिप्समध्ये मूळ आणि बदललेली फाइल दाखवून बीपीएस पॅच बनवा, सोबत कुठल्या आवृत्तीवर मारायचा ते आणि तिचा चेकसम लिहून द्या.