पोरं वाचत नाहीत? झॉम्बी सिरीज देऊन बघा, पण अशी द्या

आठवी-नववीतलं पोर पुस्तकाला हात लावत नाही ही तक्रार मला पावसाळ्यात जास्त ऐकू येते, कारण तेव्हा बाहेर खेळता येत नाही, लाईट जाते-येते आणि मोबाईलवरून घरोघरी रोज भांडण. गोव्यात डिचोलीजवळच्या एका छोट्या वाचनालयात मुलांचा कोपरा मी बघते, त्यामुळे आईबाबा माझ्याकडे येतात, काहीतरी चांगलं द्या म्हणतात, संस्कार वगैरे होतील असं. मी झॉम्बी देते. मग त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

पण हे मी टाईमपास म्हणून करत नाही, यामागे पद्धत आहे, तीच खाली सांगतेय. बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी. दहाच्या आतल्या पोराला यातलं काही देऊ नका, विषय संपला.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की पोरांना रक्त आवडतं म्हणून ती हे वाचतात. रक्त बघायचं असेल तर फोन आहे की, कोरियन सिरीज आहेत, 'गो गोवा गॉन' तर 2013 मध्ये आपल्याच समुद्रावर झॉम्बी सोडून गेला. पुस्तकात पोर अडकतं ते दुसऱ्याच कारणाने, आणि ते कारण म्हणजे मोठी माणसं गायब असतात. चार्ली हिग्सनची 'द एनिमी' सिरीज घ्या, लंडनमध्ये रोग येतो आणि चौदा वर्षं आणि त्याच्यावरचे सगळे त्यात सापडतात, काही मरतात, उरलेले पोरांना खायला फिरतात. आई, बाबा, सर, पोलीस, सगळे तेच. मुलांचा एक गट सुपरमार्केटमध्ये कोंडून घेऊन राहतो आणि आज बाहेर खाणं शोधायला कोण जाणार, रात्री पहारा कोणाचा, नवीन आलेल्याला आत घ्यायचं का, हे सगळं तेरा वर्षांच्या पोरांनी ठरवायचं. आता विचार करा, आपल्या तेरा वर्षांच्या पोराला दिवसभरात काय ठरवायला मिळतं? ट्यूशनची वेळ पण आपणच ठरवतो. त्याला त्या गोष्टीत मजा येणार नाही तर काय होणार.

दुसरी गोष्ट, जी मला स्वतःला जास्त आवडते. आपल्याकडचा देवचार बघा, गावाची राखण करणारं भूत, त्याची हद्द ठरलेली, गाव ठरलेलं, त्याला गाऱ्हाणं घालता येतं, रोट दिला की तो राखण करतो, म्हणजे त्याच्याशी बोलता येतं. झॉम्बीशी काहीच बोलता येत नाही. नवस नाही, मंत्र नाही, समजूत नाही. त्यामुळे होतं काय की गोष्टीतलं सगळं बोलणं, भांडण, फसवाफसवी जिवंत माणसांमध्येच होते. 'द एनिमी'मध्ये पोरं सुपरमार्केट सोडून बकिंगहॅम पॅलेसपर्यंत पोचतात आणि तिथे खरा ताप देतो तो डेव्हिड नावाचा एक मुलगा, ज्याला राज्य करायचंय. दारातले झॉम्बी परवडले असं वाटायला लागतं. हे पोरांना बरोबर कळतं कारण असा एक डेव्हिड प्रत्येक वर्गात असतो.

आणि तिसरं, नियम. हळू चालणारे, माणूस खाणारे, डोक्यावर घाव घातला की पडणारे असे झॉम्बी जॉर्ज रोमेरोने 1968 मध्ये सिनेमात आणले, पळणाऱ्यांची फॅशन 2002 च्या '28 डेज लेटर'पासून जोरात आली, आणि प्रत्येक लेखक त्यात आपला बदल करतो. चावल्यावर किती वेळात? वासाने येतात की आवाजाने? पाण्यात बुडतात का? पोरं हे नियम पाठ करतात आणि लेखकाने मोडला तर पकडतात. जे पोर शाळेच्या धड्यातलं कोण कोणास म्हणाले सांगू शकत नाही ते तीनशे पानांनंतर सांगतं की मागे असं लिहिलं होतं आणि आता वेगळं लिहिलंय. अजून काय पाहिजे वाचनातून?

आता कोणाला कुठलं द्यायचं, कारण इथेच लोक गडबड करतात, ऑनलाइन फोटो बघून मागवतात.

अजिबात न वाचणारं, जाड पुस्तक बघूनच पळणारं पोर असेल तर डॅरन शॅनची 'झॉम-बी'. 2012 मध्ये सुरू झाली, बारा भाग, प्रत्येक भाग पातळ, चित्रं आहेत, भाषा सोपी आणि पळती. पण आधी तुम्ही पहिला भाग वाचा, कारण त्यातला बाप वंशद्वेष्टा आहे, घरात हात उगारणारा, आणि भाषा तशीच आहे. पोराला ते कळावं म्हणूनच लेखकाने लिहिलंय, तरी ऐनवेळी तुम्ही दचकायला नको. पहिल्या भागाच्या शेवटी एक धक्का आहे, तो कृपा करून सांगू नका, त्या धक्क्यावरच पोर दुसरा भाग मागतं.

थोडंफार वाचणाऱ्यांना 'द एनिमी', सात पुस्तकं, 2009 ते 2015, सिरीज पूर्ण झालेली आहे. इथे दोन सूचना. एक, यात चांगली, आवडायला लागलेली मुलं मरतात, नावासकट, तेव्हा पोर एखाद दिवस गप्प बसलं तर घाबरू नका. दोन, दुसरं पुस्तक वर्षभर मागे जातं आणि त्यात वेगळीच मुलं येतात. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर अरे हे कोण, माझी लोकं कुठायत, असं म्हणून पुस्तक आपटतात. पुढे सगळे धागे जुळतात.

घरात मोठा भाऊ असेल, त्याच्याशी पटत नसेल, तर जोनाथन मॅबेरीची 'रॉट अँड रुइन'. 2010 चं पहिलं, मूळ मालिका चार पुस्तकांची. कॅलिफोर्नियातल्या डोंगरात कुंपण घातलेलं गाव, तिथला नियम असा की पंधराव्या वर्षी काम धरायचं नाहीतर रेशन अर्धं. बेनी नावाचा मुलगा एकामागून एक कामं करून बघतो, सगळी भंगार, आणि शेवटी नाइलाजाने भावाच्या हाताखाली जातो, ज्याला तो भित्रा समजतोय. दहावीचा निकाल लागल्यावर सायन्स की कॉमर्स हे अख्ख्या वाड्याने विचारून ज्याचं डोकं खाल्लंय त्या पोराला ही सुरुवात फार जवळची वाटते. आणि यातले झॉम्बी हटवणारे लोक झॉम्बीला कोणाची तरी आई, कोणाचा तरी मुलगा म्हणून वागवतात की टार्गेट म्हणून, हा सगळा मुद्दा आहे. माझ्या मते सगळ्या यादीत हे सगळ्यात माणुसकीचं पुस्तक.

जिला भाषा आवडते, थोडं प्रेमप्रकरण चालतं, तिला कॅरी रायनचं 'द फॉरेस्ट ऑफ हँड्स अँड टीथ'. कुंपणातलं गाव, गाव चालवणाऱ्या सिस्टर्स काहीतरी लपवतायत, आणि मेरीला समुद्र बघायचाय. तिन्ही पुस्तकांत नायिका बदलते. आपल्या पोरींना समुद्राचं काय कौतुक असं वाटेल पण सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने मला सांगितलं की कुंपणाबाहेर काय आहे हे मोठ्यांनी सांगायचं नाही, हे मात्र तिला ओळखीचं वाटलं. मी पुढे काही विचारलं नाही.

सोळाच्या पुढे जस्टिना आयर्लंडचं 'ड्रेड नेशन', अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला मेलेले सैनिक उठतात, मग श्रीमंत गोऱ्यांना वाचवायला काळ्या मुलींना शाळेत घालून लढायला शिकवतात. इतिहास आवडणाऱ्यांना लगेच द्या. सायन्सवाल्यांना एम. आर. केरीचं 'द गर्ल विथ ऑल द गिफ्ट्स', तिथे रोग बुरशीचा आहे आणि तशी बुरशी मुंग्यांच्या शरीरात खरोखर शिरते, त्यांना झाडावर चढवते आणि मग मारते. हे सांगितलं की पुस्तकाच्या आधी अर्धा तास व्हिडिओ बघतात, बघू द्या.

एकाच पुस्तकाबद्दल सावध करते, कोर्टनी समर्सचं 'धिस इज नॉट अ टेस्ट'. फार ताकदीचं आहे, पण त्यातल्या मुलीला घरातल्या मारामुळे जगायचंच नसतं. ज्या पोराचं मन आधीच खाली आहे त्याच्या हातात एकट्याने देऊ नका, आणि मन खाली असल्याची शंका असेल तर पुस्तक सोडा आणि पोराशी बोला.

भाषेचा प्रश्न येतोच. ही सगळी इंग्रजीत, घरात कोंकणी, आजी मराठी वाचते, शाळा इंग्लिश मीडियम असली तरी वाचायचं इंग्रजी कच्चं. मी पहिलं प्रकरण मोठ्याने वाचते, इंग्रजीतच, आणि मध्ये मध्ये थांबून मराठी-कोंकणीत बडबड करते. 'द एनिमी'च्या सुरुवातीलाच स्मॉल सॅम नावाच्या लहानग्याला मोठी माणसं उचलून नेतात. तिथे पुस्तक बंद करते आणि चहा ठेवायला उठते. परत येईपर्यंत कोणीतरी पुढचं वाचत असतं. अडलेला शब्द विचारला तरच सांगायचा, डिक्शनरी हातात द्यायची नाही. ज्याला इंग्रजीचा धसकाच आहे त्याच्याबरोबर आधी 'झोंबिवली' बघा, 2022 चा मराठी सिनेमा, डोंबिवलीतले टॉवर, बाजूची झोपडपट्टी आणि पाणी, त्यावर बोला, मग पुस्तकाकडे या. नारायण धारपांची भुतं पण घरात ठेवा, पण ती वेगळी भूक आहे.

पूर्ण सेट विकत घेऊ नका. सात पुस्तकांचा ढीग टेबलावर ठेवला की तो अभ्यास वाटतो. आधी पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा ग्रंथालयात चौकशी करा, बुकवर्म या मुलांच्या वाचनालयाला विचारा, फोनवर फुकट सॅम्पल प्रकरण उतरवून वाचून बघा. पहिलं एकच घ्या. आणि पोर साधारण पाऊण पुस्तकावर आलं की दुसरं मागवून टाका, कारण ही पुस्तकं संपतात नेमकी अडकवून, आणि जुलैत कुरियर वाळपईला कधी पोचेल याचा भरवसा नाही. मध्ये गॅप पडला की मोबाईल जिंकला.

वाचून झाल्यावर काय शिकलास असं विचारायचं नाही. अजिबात नाही. त्याऐवजी आमच्याकडे एक खेळ चालतो, तो करा. मोठा कागद, त्यावर आपल्या भागाचा नकाशा, आणि प्रश्न एकच: चौदाच्या वरचे सगळे गेले, तुम्ही कुठे राहणार? मागच्या वेळी सगळ्यांचं ठरलं बेट बरं, मांडवी आहे, फेरीबोट बंद केली की झालं. चोडण म्हणाला एकजण. लगेच दुसरी उठली, "मावशे, चोडण नाका, मयें सावन रस्तो आसा, थंयच्यान चलत येतले." म्हणजे मयेहून रस्ता आहे, तिथून चालत येतील. मग दिवाडी. मग पाण्याखालून चालत आले तर, यावर भांडण. मग एका शांत मुलाने विचारलं की फेरीबोट चालवणार कोण, चालवणारे सगळे चौदाच्या वरचे, आणि सगळे गप्प. शेवटी ते देवळाच्या अग्रशाळेवर, म्हणजे भाविकांच्या उतरायच्या जागेवर आले, जाड भिंती, खोल्या भरपूर, विहीर आवारात, तांदळाची कोठी. मग विहिरीत एक झॉम्बी पडला तर पाणी खराब होईल का यावर अर्धा तास. मी एक शब्द बोलले नव्हते.

जमलं तर त्यांना जुन्या गोव्यात घेऊन जा, पण चर्च बघायला म्हणून नको, रिकामं झालेलं शहर बघायला म्हणून. एवढं गजबजलेलं ठिकाण, साथीवर साथी आल्या, लोक हळूहळू उठून गेले आणि 1843 मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजी झाली. सेंट ऑगस्टिनच्या पडक्या बुरुजाखाली उभी राहिली की पोरं आपोआप विचारतात की मग इथले लोक कुठे गेले. फक्त त्यांना थापा मारू नका, तो मठ साथीने ओस पडला नाही, सरकारने धर्मसंघ बंद केले तेव्हा 1835 मध्ये सोडावा लागला. नियम पकडणारी पोरं आहेत, तुम्हालाही पकडतील.

आजी अभद्र म्हणणार, हे गृहीत धरा. तिला सांगा की अमेरिकेच्या साथरोग खात्याने, सीडीसीने, 2011 मध्ये झॉम्बी आले तर काय तयारी कराल असं लिहून लोकांना वादळ-पुराची तयारी शिकवली होती, पाणी, औषधं, टॉर्च, कागदपत्रं एका पिशवीत. ती पिशवी पोराकडून भरून घ्या, चक्रीवादळाच्या वॉर्निंगला उपयोगी पडते आणि आजीचा निम्मा राग तिथेच जातो. बाकी निम्मा कव्हरमुळे असतो, त्याला खाकी कागद घाला.

रात्री झोप उडाली, दिवा लावून झोपायला लागलं, तर पुस्तक थोडे दिवस कपाटात, वर टोमणा नको. पन्नास पानांत लागलं नाही तर सोडू द्या. तिसऱ्या भागानंतर कंटाळा आला तरी सोडू द्या, सिरीज पूर्ण करायलाच पाहिजे असा कायदा नाही.

आणि आईबाबांनो, तुम्ही पण पहिला भाग वाचा, वर म्हटलंच आहे. फक्त दुसरा भाग घरी आला की तो आधी पोराचा. एका घरात बाबाने रात्रीत संपवला आणि सकाळी चहावर कोण मरतं ते सांगून टाकलं, ते पोर आता आमच्या वाचनालयात येऊन वाचतं आणि पुस्तक घरी नेतच नाही.