पहिल्यांदा वारीत चालायचंय? मग हे वाचा
पूर्ण वारी जमत नसेल तर माऊलींच्या पालखीसोबत पुणे ते सासवड एवढा टप्पा तरी चालाच, पण मध्ये दिवेघाट लागतो आणि चाल मोठी आहे म्हणून नवे कोरे बूट अजिबात घालू नका, फोड येतात. रेनकोट, पाण्याची बाटली, खोबरेल तेल, बास. ओळखीच्या दिंडीत घुसा, अभंग पाठ नसले तरी टाळ्या वाजवत चाला, हळूहळू येतात. कोणी आजोबा वाकून तुमच्या पाया पडले तर दचकू नका, तुम्हीही वाका, समोरच्यात माऊली बघायची यासाठीच तर एवढं चालायचं. स्पेनच्या कामिनो या तीर्थयात्रेत शेवटचे १०० किमी चाललं की सर्टिफिकेट देतात, इथे नुसतं दर्शन. पंढरपुरात रांग फारच असेल तर नामदेव पायरी आणि कळसाचं दर्शन घ्या, कितीतरी वारकरी तेवढ्यावरच समाधानाने परततात.