गाण्याची श्रेयं भरताना या चुका टाळा

गाणं अपलोड करायच्या आदल्या रात्री फॉर्म उघडला जातो आणि तिथेच घोळ सुरू होतो. आपल्याला ‘गीत, संगीत, स्वर’ एवढ्यात आटपायची सवय. फॉर्ममध्ये रकाने डझनभर.

सगळ्यात महागात पडते ती अभंगाची चूक. अभंग जुना म्हणून संगीतकाराच्या रकान्यातही ‘पारंपरिक’ लिहून लोक मोकळे होतात. ‘सुंदर ते ध्यान’चे शब्द तुकोबांचे, त्यांवर कुणाचाच हक्क नाही. पण लताबाईंच्या आवाजात आपण जी चाल ऐकतो ती श्रीनिवास खळ्यांची. खळेकाका २०११ साली गेले. आपल्या कायद्यात चालीवरचा हक्क संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे ही चाल २०७१ संपेपर्यंत मोकळी नाही. तुम्ही पखवाजाऐवजी गिटार घेतलीत तरी संगीतकार खळेच, आणि परवाना लागणारच. चाल खरोखर तुमची असेल तर मात्र बिनधास्त स्वतःचं नाव घाला.

दुसरा गोंधळ ‘प्रोड्यूसर’चा. आपल्याकडे निर्माता म्हणजे पैसे घालणारा. श्रेयांच्या रकान्यातला प्रोड्यूसर बहुधा स्टुडिओत बसून गाण्याचा साउंड घडवणारा असतो. खर्च तुमच्या काकांनी केला असेल आणि मालकी त्यांचीच ठरली असेल, तर त्यांचं नाव हक्कधारकाच्या ओळीत जातं. तसंच ‘रायटर’ म्हणजे नुसता कवी नव्हे. चाल बांधणाराही त्यातच येतो.

टोपणनावाचंही बघा. ‘आनंदघन’ या नावाने संगीत देणाऱ्या लता मंगेशकरच, हे आपल्याला ठाऊक; संगणकाच्या लेखी ती दोन माणसं. कवी टोपणनावाने लिहीत असेल तर रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे दोन्ही नावं नोंदवलेली बरी. नावाचं स्पेलिंगही दर गाण्याला तेच ठेवा.

आणि अरेंजर, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ बांधणारा! मुखडा संपल्यावर अंतऱ्याआधी जो पीस लोक गुणगुणतात, तो अनेकदा त्याचा असतो. त्याला ‘विशेष आभार’मध्ये ढकलू नका.

वादकांची नावं रेकॉर्डिंग सुरू असतानाच वहीत उतरवून घ्यावीत. मी एकदा ‘नंतर विचारू’ म्हणून रकाना रिकामा सोडला. सहा महिन्यांनी फोन आला, “दादा, त्या गाण्यात बासरी आपलीच आहे ना?”