मेंढ्यांवर पिल्लू शिकवताय? हिवाळ्यातल्या या चुका टाळा

सोयाबीन निघालं, वावरं मोकळी झाली, ऊन मऊ झालं की नागपूरकडच्या लहान कळपवाल्यांना कुत्र्याचं पिल्लू मेंढ्यांवर शिकवायची घाई सुटते. घाई समजण्यासारखी आहे. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा कुत्रं सावली सोडत नाही आणि पावसाळ्यात काळ्या मातीत माणसाचाच पाय निघत नाही. उरतात ते दिवाळी ते होळी एवढेच महिने. पण नेमक्या याच दिवसांत कळपात मेंढ्या गाभण असतात किंवा नुकत्या व्यायलेल्या असतात, धुऱ्यापलीकडे हरभरा उभा असतो आणि गवताला कुसळं आलेली असतात. त्यामुळे "पिल्लू वाया गेलं" अशी तक्रार कोणी घेऊन आलं की मी आधी विचारतो, कोणत्या मेंढ्यांवर सोडलं, कुठे सोडलं आणि किती वाजता? पिल्लाचा नंबर त्यानंतर.

राखणीचं की हाकायचं?

एकाच पिल्लाकडून दोन्ही कामं मागणं ही सुरुवातीचीच चूक. आपल्या धनगरांच्या कळपासोबत चालणारी कुत्री मुख्यतः राखणीची असतात. लांडग्याचा, बिबट्याचा वास आला की भुंकायचं, अनोळखी माणसाला मेंढ्यांच्या वाड्याजवळ येऊ द्यायचं नाही. मेंढ्या हाकायचं काम काठी आणि शीळ करते. बॉर्डर कोलीसारखी कुत्री याच्या उलट काम करतात. त्या जातीत शिकारीची साखळी मधेच तोडून ठेवली आहे. नजर रोखणं, दबा धरणं, वळसा घालणं शिल्लक आहे, फाडणं दाबलेलं आहे.

या दोघांना वाढवायची पद्धतही उलटी. राखणीचं पिल्लू दोन महिन्यांचं झालं की मेंढ्यांतच ठेवायचं, तिथेच जेवायला, तिथेच झोपायला. हाकायचं पिल्लू मात्र माणूस जवळ नसताना मेंढ्यांत कधीच मोकळं सोडायचं नाही. एकटं असलं की ते स्वतःचा खेळ शोधतं, कोकरांच्या मागे पळतं, आणि ती खोड काढायला शिकवण्याच्या दुप्पट वेळ जातो. बॉर्डर कोली आणायचाच असेल तर नागपूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून आणा. चाळीस-पन्नास मेंढ्यांच्या कळपाला, माझ्या मते, चांगलं गावरान राखणीचं कुत्रं आणि एक समजूतदार गुराखी पुरतो. हौस असेल तर गोष्ट वेगळी.

पुढचं सगळं हाकायच्या पिल्लाबद्दल.

चुकीच्या मेंढ्या

सगळ्यात जास्त पिल्लं इथे बिघडतात. मेंढी साधारण पाच महिने गाभण असते. त्यातल्या शेवटच्या दीड महिन्यात तिला पळवलं तर गर्भ पडू शकतो. म्हणजे नुकसान दोन्हीकडून. व्यायलेल्या मेंढीची गोष्ट आणखी वेगळी. एरवी भित्री वाटणारी मेंढी कोकरू पायाशी असलं की वळून उभी राहते, पाय आपटते आणि डोकं खाली घालून सरळ पिल्लावर येते. सहा-सात महिन्यांच्या पिल्लाला अशी एक धडक पुरते. काही पिल्लं त्यानंतर मेंढीचं तोंड आपल्याकडे वळलं की बाजूला होतात. काही मेंढी अंगावर यायच्या आधीच चावायला शिकतात. दोन्हींचं मूळ भीतीच.

शिकवणीसाठी वर्षभराच्या, न गाभण राहिलेल्या, कुत्र्याला सरावलेल्या पाच-सहा मेंढ्या वेगळ्या काढा. एक-दोन मेंढ्यांवर शिकवू नका. एकटी पडलेली मेंढी कळपासारखी वागत नाही, ती जीव घेऊन पळते आणि पिल्लाला पाठलागाची चटक लागते. पूर्ण कळपही नको, कारण मागच्या मेंढ्यांना पिल्लू दिसतच नाही. त्याच पाच-सहा मेंढ्या रोज वापरल्या तर त्या शेवटी माणसाच्या पायाला चिकटून उभ्या राहतात आणि पिल्लाला काम उरत नाही, म्हणून अधूनमधून बदला.

वय हाही याच चुकीचा भाग. बहुतेक पिल्लं आठ महिने ते वर्षाच्या दरम्यान तयार होतात. त्याआधी पिल्लाला मेंढ्यांना मागे टाकून पुढे जाता येईल इतका वेग नसतो. जे पिल्लू पुढे जाऊ शकत नाही ते मागेमागेच धावतं.

चुकीची वेळ

थंडीत वाडा उघडताना कधी नीट पाहा. रात्रभर एकमेकींना चिकटून बसलेल्या मेंढ्या उठतात, अंग झाडतात, लोकरीतून वाफ निघते आणि दार उघडलं की उपाशीपोटी सगळ्या एकाच वेळी कुटाराच्या गव्हाणीकडे सुटतात. त्या गर्दीत पिल्लू सोडणारे लोक आहेत, कारण "तेवढ्यात कामही होतं". त्या वेळी मेंढी कुत्र्याचं ऐकत नाही, भुकेचं ऐकते. पिल्लू गोंधळतं, भुंकतं, एखाद्या मेंढीची मांडी धरतं. माझ्या ओळखीचे एक जुने मेंढपाळ काका असं दिसलं की काठी आपटून विचारतात, "काहून पळवून राहिला बे त्याले? आधी पोट भरू दे ना!"

मेंढ्या चरून, पाणी पिऊन सावरल्या की मग घ्या. जानेवारीत दहाच्या सुमाराला दंव वाळलेलं असतं. संध्याकाळी चारनंतर अंधार पडायच्या आत दुसरी पाळी. पाच-दहा मिनिटं पुरे. पिल्लाला अजून हवं असतानाच थांबवा.

शेपटीकडे लक्ष ठेवा. खाली, पायांच्या जवळ असेल तर पिल्लू कामात आहे. झेंड्यासारखी वर गेली की ते खेळात शिरलं आहे. त्या वेळी ओरडून उपयोग नाही, मेंढ्यांपासून दूर न्या.

घरभराचे हुकूम

एक म्हणतो "थांब", दुसरा "बस", पोरगं "ए ए ए", आजोबा नावानेच हाक मारतात. त्यात आपण मेंढ्यांना हाकताना जे "हुर्र" आणि "हाट" करतो तेही पिल्लाच्या कानावर पडत असतं. त्याने काय समजायचं? थांबण्याला, जवळ येण्याला, डावीकडून वळायला आणि उजवीकडून वळायला एकेकच शब्द ठरवा आणि ते मेंढ्यांच्या हाकांपेक्षा अगदी वेगळे ऐकू येतील असे निवडा. परदेशात वळायला सांगताना "कम बाय" आणि "अवे" म्हणतात म्हणून आपणही म्हणायला हवं असं नाही. पहिले काही महिने शिकवणारा माणूस एकच असावा.

थांबणं आणि जवळ येणं मेंढ्यांपासून दूर, अंगणात, संध्याकाळच्या भाकरीवर पक्कं करून घ्या. वळणाचे शब्द मात्र आधी शिकवायचे नसतात. पिल्लू स्वतःहून उजवीकडून फिरतंय तेव्हाच तो शब्द उच्चारायचा.

तक्रारी आणि त्यांची कारणं

"चावतं." मेंढ्या कोपऱ्यात किंवा कुंपणाला चिकटून अडकल्यात का ते पाहा. अरुंद जागेत शिरून मेंढ्या सोडवायला लावलं की पिल्लू घाबरून दात लावतं. शिकवायची जागा गोल असावी, पंधरा-वीस मीटर रुंद, कोपरे जाळी तिरकी बांधून बुजवलेले. मेंढ्या आधी तुम्ही कुंपणापासून सोडवा, मग पिल्लाला आणा.

"थांबतच नाही." बहुधा तुम्ही चुकीच्या जागी थांबवताय. पिल्लाची ओढ मेंढ्यांच्या पलीकडे, तुमच्या बरोबर समोर जाण्याची असते. मेंढ्या मधे, तुम्ही अलीकडे, ते पलीकडे. त्या जागी मेंढ्याही स्थिर असतात आणि पिल्लूही ऐकतं. मधेच, धावताना थांबवलं तर मेंढ्या निसटताना त्याला दिसतात, मग ते कशाला थांबेल? आणि थांबल्यावर लगेच पकडून दोरी लावू नका. इथे त्याचं बक्षीस भाकर नसून पुन्हा मेंढ्यांकडे जायला मिळणं हे आहे. थांबलं की काम संपतं हे त्याला एकदा कळलं की ते थांबायचं सोडतं.

"मेंढ्यांकडे बघतच नाही." दोन महिने थांबा. तरीही नाही पाहिलं तर हाकायच्या कामातून सोडा, बळजबरी नको.

"माझ्याभोवतीच फिरतं." तुम्ही एका जागी उभे आहात. उलट्या पावलाने चालायला लागा. मेंढ्या तुमच्या मागे येतील आणि पिल्लाला त्या आणायचं काम मिळेल.

वारेचे तुकडे आणि उरलेलं औषध

व्यायलेल्या मेंढीची वार, मेलेलं कोकरू, कापलेल्या मेंढ्याचं काळीज-फुप्फुस कुत्र्यापुढे टाकायची पद्धत सर्रास आहे. ती बंद करा. कच्च्या अवयवांतल्या पाण्याच्या गाठींतून कुत्र्याच्या आतड्यात फीतकृमी (फितीसारखे चपटे जंत) होतात, त्यांची अंडी विष्ठेतून गवतावर जातात आणि मेंढ्यांना पुन्हा गाठी होतात. माणसाच्या यकृतातही त्याच गाठी होतात. मेंदूत गाठ झालेली मेंढी एकाच बाजूला गोल फिरत राहते, त्या गाठीही कुत्र्याच्या दुसऱ्या एका फीतकृमीच्या. वार खोल पुरा. पिल्लाला फीतकृमीचं औषध कधी आणि किती द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारून वेळापत्रक ठरवा. रेबीजची लस चुकवू नका.

मेंढ्यांना जंतासाठी आयव्हरमेक्टिन दिल्यावर उरलेलं पिल्लाला देणं ही दुसरी चूक. मेंढीचा डोस कुत्र्याच्या मानाने फार जास्त असतो आणि कोली वंशाच्या काही कुत्र्यांत हे औषध मेंदूपर्यंत पोचू देणारा जनुकीय दोष असतो. लडखडणं, लाळ गळणं, बेशुद्धी, काहीही होऊ शकतं.

थंडी, बिबट्या आणि कुसळं

२९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशी रात्र रोज येत नाही, पण दहाच्या खालच्या रात्री येतातच. ओल्या जमिनीवर टाकलेलं पोतं काही कामाचं नाही. लाकडी फळी, त्यावर कोरडं कुटार, आणि वाऱ्याकडची बाजू बंद. खुराक वाढवा, पण पोटभर देऊन लगेच पळवू नका.

उमरेड, रामटेक, पेंचच्या जंगलाकडच्या गावांत पिल्लू रात्री वाड्याबाहेर साखळीला बांधणं म्हणजे बिबट्याला ताट वाढणं. शिकत असलेलं पिल्लू वाड्याच्या आत, छताखाली.

रोज काम झालं की बोटांच्या फटी, कान, काखा तपासा. कुसळाचं टोक एकाच दिशेने आत जातं, बाहेर येत नाही. सकाळी नीट चालणारं पिल्लू संध्याकाळी डोकं एका बाजूला तिरकं धरून सतत कान झटकत असेल तर काडी घालून खाजवू नका, तेलही ओतू नका. दिसत असलेलं कुसळ चिमट्याने काढा, न दिसणाऱ्यासाठी पिल्लाला पशुवैद्यकाकडे न्या. तुरीच्या कापलेल्या खुंटांत पिल्लाला पळवूच नका, तळपाय फाटतो आणि जखम बरी होईपर्यंत शिकवणी बंद पडते.