नेटवर सापडलेलं नवल गावच्या ग्रुपवर कसं पाठवावं

लातूर असो की परभणी, भावकीच्या आणि शाळासोबत्यांच्या ग्रुपवर दिवसभर इतकं काही येत असतं की खरोखर पाहण्याजोगी गोष्टही न उघडताच मागे पडते. चित्र, गाणं, विज्ञान, राजकारण, कशातलंही नवल असो, ते लोकांनी थांबून पाहावं असं वाटत असेल तर पाठवण्याआधी थोडी मेहनत घ्यावी लागते.

पहिलं काम म्हणजे मूळ शोधणं. चित्र गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगलच्या सोयीत, टाका आणि ते सगळ्यात आधी कुठे आलं ते पाहा. दिवाळीच्या रात्रीचा म्हणून भारताचा जो रंगीत उपग्रह-फोटो फिरतो, तो एका रात्रीचा नाहीच. वेगवेगळ्या वर्षांत टिपलेले रात्रीचे दिवे वेगवेगळ्या रंगांत दाखवून अमेरिकी शास्त्रज्ञांनी तयार केलेला तो नकाशा आहे: पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, लाल २००३ मध्ये दिसलेले. गावोगाव उजेड कसा वाढत गेला ते त्यातून दिसतं, आणि मला तर हे दिवाळीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठं नवल वाटतं. तेव्हा चित्र पाठवाच, पण ही माहिती जोडून. व्हॉट्सॲपवर मजकुराशेजारी दोन बाण दिसले तर तो अनेक हातांतून आलेला असतो. मूळ सापडेपर्यंत तो पुढे ढकलू नका.

मग दोन-तीन ओळी स्वतःच्या भाषेत लिहा. नुसती लिंक कुणी उघडत नाही. अजिंठ्याच्या जुन्या नकलांचं एखादं पान सापडलं, तर असं लिहिता येईल: ‘ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल यांना १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. त्यांनी तिथं राहून वर्षानुवर्षं काम केलं. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्यातल्या बहुतेक नकला १८६६ च्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. वाचलेल्या इथे पाहा.’ एवढं वाचल्यावर लिंक उघडल्याशिवाय राहवत नाही.

गोष्ट दूरदेशची असेल तर तिला आपल्याकडचा धागा जोडा. परदेशातल्या संग्रहालयातली लांबच लांब चित्रगुंडाळी दाखवताना अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत यांच्या पासोडीची आठवण करून द्या. त्यांनी या लांब कापडावर आकृत्यांसह ‘पंचीकरण’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला. ज्यांनी ती पासोडी पाहिली आहे, ते लगेच बोलू लागतील.

गाणं पाठवताना कान कुठे द्यायचा ते मिनिटासकट सांगा. गौहर जान यांच्या १९०२ पासूनच्या तबकड्या पाठवल्या तर शेवट ऐकायला सांगा, तिथे त्या इंग्रजीत स्वतःचं नाव सांगतात. सुरुवातीला तबकड्या जर्मनीत छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळावं म्हणून ही सोय होती. तुकडा कापून पाठवू नका, कापलेल्या तुकड्यातून कलाकाराचं नाव हमखास गळतं.

राजकारणात सगळ्यात जास्त जपावं लागतं. एकाच भावकीत चार पक्षांची माणसं असतात. भाषणाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत आली तर आधी पूर्ण भाषण शोधा. लोकसभेच्या १९५२ पासूनच्या चर्चा संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत, तिथलं पान द्या. सोबत ‘बघा तुमचे नेते’ असा टोमणा नको, त्यानं मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि भांडण उरतं. सप्टेंबरात मुक्तिसंग्रामाचे म्हणून भलतेच फोटो फिरतात. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला शरण आलं आणि मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आला, या दोन तारखा हाताशी ठेवल्या तरी बरीच गल्लत टळते.

दिवसाला एकच गोष्ट, तीही रात्रीची जेवणं झाल्यावर पाठवा. पेरणीच्या दिवसांत तेवढीही नको. चूक निघाली तर गुपचूप पुसून टाकू नका, त्याच ग्रुपवर दुरुस्ती लिहा.

आणि उत्तरं नीट वाचा. निजामाच्या काळातल्या हाली सिक्क्याचं चित्र टाकलं की एखादे आजोबा त्या पैशात काय यायचं ते सांगू लागतात. त्यांना विचारून ते फोनवर रेकॉर्ड करा, नाव, गाव आणि तारीख लिहून ठेवा आणि त्यांची हरकत नसेल तर तेही पुढे पाठवा.